देहशुद्धी आणि आपला दिनक्रम

पहाटे साडेपाच-सहाच्या सुमारास बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचे प्रवेशद्वार, मुलुंड-घाटकोपरमधील एखादी बाग किंवा अंधेरीच्या पश्चिमेस असलेला वर्सोव्याचा किनारा, यांपैकी कोठेही गेले तरी एक दृश्य हमखास दृष्टीस पडते. झपझप चालणाऱ्या स्त्री-पुरुषांची रीघ लागलेली असते आणि परतीच्या वाटेवर एखादा विक्रेता दुधी, कारले, आवळा, गव्हांकुर यांचे ताजे रस पेल्यांतून देत असतो. चालण्याने जे साधले त्यावर या पेल्याने कळस चढतो, शरीरात साचलेली विषद्रव्ये धुऊन निघतात, अशी पिणाऱ्याची श्रद्धा असते. अलीकडे या श्रद्धेच्या जोडीला तीन दिवसांचे रसाहार, सात दिवसांचे निव्वळ पेयांवरचे उपवास आणि पोट साफ करणारी चूर्णेही आली आहेत. त्यांवर होणारा खर्च थोडा नाही, आणि काही वेळा प्रकृतीला सोसावी लागणारी किंमत त्याहूनही मोठी असते. म्हणून देहशुद्धी म्हणजे नेमके काय, ती कोण करते आणि आपल्या हाती त्यातले किती आहे, याचा थोडा शांतपणे विचार करणे अगत्याचे ठरते.

वर्सोव्याच्या किनाऱ्यावरील प्रारंभ

हा विषय मुंबईच्या उपनगरांना नवा नाही. किंबहुना, सर्वसामान्य गृहस्थाला योगाच्या साहाय्याने निरोगी राहता यावे या हेतूने स्थापन झालेल्या देशातील अगदी आरंभीच्या संस्थेचा जन्म याच भूमीत झाला. २५ डिसेंबर १९१८ रोजी वर्सोवा येथे, दादाभाई नौरोजी यांच्या समुद्रकाठच्या निवासस्थानी, श्री योगेंद्र यांनी ‘द योग इन्स्टिट्यूट’ या संस्थेचा प्रारंभ केला. त्यांचे मूळ नाव मणिभाई हरिभाई देसाई. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकत असताना नर्मदाकाठच्या मालसर येथील परमहंस माधवदासजी यांचा सहवास त्यांना लाभला आणि आयुष्याची दिशा पालटली. पुढे ही संस्था अनेक ठिकाणी फिरून सांताक्रूझ येथे स्थिरावली आणि आजही तेथे कार्य करीत आहे.

योगेंद्रजींचे वेगळेपण असे की, अरण्यात वा मठात गुप्तपणे शिकविल्या जाणाऱ्या क्रियांतून संसारी माणसाला झेपेल तेवढेच त्यांनी निवडून घेतले. वैयक्तिक स्वच्छतेवर त्यांनी लिहिलेले इंग्रजी पुस्तक १९३१ साली प्रसिद्ध झाले. दात, जीभ, नाक, घसा, पोट यांची निगा हा त्यातील मुख्य विषय. त्यांच्या पत्नी सीतादेवी यांनी १९३४ साली खास स्त्रियांसाठी योगशिक्षणाचे पुस्तक लिहिले. त्या काळात स्त्रीने या विषयावर लेखणी उचलावी ही गोष्ट साधी नव्हती.

माधवदासजींचेच दुसरे शिष्य स्वामी कुवलयानंद, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे, यांनी प्रयोगशाळेची वाट धरली. १९२४ साली त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. नौली क्रिया करीत असताना मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी होतो, हे त्यांनी क्ष-किरण आणि दाबमापक यांच्या साहाय्याने दाखविले. योगी बस्तिक्रियेत पाणी आत कसे ओढून घेतात याचा उलगडा त्यातून झाला. त्या निर्वात अवस्थेला त्यांनी आपल्या गुरूंचे नाव दिले.

या परंपरेचा आधार घेऊन आज जे काही विकले जाते ते पाहता मूळ ग्रंथ काय सांगतात तेही पाहावे. धौती, बस्ती, नेती, त्राटक, नौली आणि कपालभाती या सहा शुद्धिक्रियांचे वर्णन करणारी ‘हठप्रदीपिका’च असे बजावते की, ज्याच्या शरीरात मेद आणि कफ वाढलेले आहेत त्यानेच त्या कराव्यात; इतरांना त्यांची गरज नाही. आयुर्वेदातील पंचकर्माची गोष्टही अशीच. वमन, विरेचन, बस्ती, नस्य आणि रक्तमोक्षण ही कर्मे रोग, ऋतू आणि रोग्याचे बल पाहून वैद्याने करावयाची आहेत. त्यांच्यापूर्वी स्नेहन-स्वेदनाची तयारी असते आणि नंतर पेज, मऊ भात, मुगाचे कढण अशा पायऱ्यांनी रोग्याला नेहमीच्या जेवणावर आणले जाते. पुडीतले चूर्ण रात्री घेऊन सकाळी कचेरीची गाडी पकडणे याला पंचकर्म म्हणता येणार नाही.

शरीराची आपली व्यवस्था

शरीरातील नको असलेली द्रव्ये बाहेर टाकण्याचे काम अहोरात्र चालू असते. ते कोणत्याही पेयाची वाट पाहत नाही. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातला बहुतेक भाग शरीरात परत घेतला जातो आणि साधारण दीड लिटर मूत्रावाटे बाहेर पडतो. सुमारे दीड किलो वजनाचे यकृत औषधे, मद्य आणि पचनातून निर्माण होणारी अमोनियासारखी द्रव्ये यांचे रूपांतर करून ती बाहेर टाकण्याजोगी बनविते. आतड्याच्या आतील अस्तराच्या पेशी दर तीन ते पाच दिवसांनी नव्या होतात. त्यामुळे आतड्याच्या भिंतींना वर्षानुवर्षांचा मळ चिकटून राहतो ही समजूत निराधार आहे. घाम गाळून विष निघते हाही असाच एक समज. घाम म्हणजे प्रामुख्याने पाणी आणि मीठ. त्याचे काम शरीर थंड ठेवण्याचे आहे.

मग चरबी कमी होते ती जाते कोठे? हा प्रश्न शिक्षकांनी वर्गात विचारून पाहावा, उत्तरे मनोरंजक येतील. २०१४ साली ऑस्ट्रेलियातील दोन अभ्यासकांनी त्याचा हिशेब मांडून दाखविला. १० किलो चरबी पूर्णपणे वापरली गेली, तर तीपैकी ८.४ किलो कर्बद्विप्राणिल वायूच्या रूपाने श्वासावाटे बाहेर जाते आणि उरलेले १.६ किलो पाणी होते. चरबी जाळण्याचा मार्ग फुफ्फुसांतून जातो, आणि तो उघडा ठेवण्यासाठी हातपाय हलवावे लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्यातून किमान १५० मिनिटांचा मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला आहे. उद्यानात सकाळी चालणारे लोक ही अट सहज पुरी करतात. खरी शुद्धी तेथेच झालेली असते. फाटकाबाहेरचा पेला तिच्यात फारशी भर घालीत नाही.

रसाचा पेला

त्या पेल्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण हा प्रश्न केवळ पैसे वाया जाण्याचा नाही. दुधी, काकडी, भोपळा यांच्या कुळातील फळांत क्वचित ‘कुकुर्बिटासिन’ नावाची अतिशय कडू द्रव्ये वाढतात. शिजवलेल्या भाजीचा कडू घास माणूस थुंकून टाकतो, पण औषध म्हणून घेतलेला कडू रस तो निग्रहाने गिळतो. ‘जितके कडू तितके गुणकारी’ या समजुतीने येथे घात होतो. २०१० साली दिल्लीतील एका शास्त्रज्ञाचा कडू दुधीच्या रसाने मृत्यू झाला आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली. त्या समितीचा सल्ला अगदी सोपा आहे : रस काढण्यापूर्वी दुधीचा लहानसा तुकडा चाखून पाहावा, कडू लागल्यास तो दुधी टाकून द्यावा, दुधीचा रस दुसऱ्या कोणत्याही रसात मिसळू नये, आणि रस घेतल्यावर उलटी, जुलाब, पोटदुखी किंवा अस्वस्थता जाणवली तर विलंब न लावता रुग्णालयात जावे. दुसऱ्या रसात मिसळू नये असे सांगण्याचे कारण उघड आहे. कारल्याच्या कडवटपणात दुधीचा कडवटपणा लपून जातो, आणि विक्रेत्याच्या पेल्यात नेमके हेच मिश्रण असते.

गुळवेलीची हकीकतही बोलकी आहे. कोविडच्या साथीत, २०२० साली, मुंबईत गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे येथील डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. केंद्रीय आयुष मंत्रालयाने या निष्कर्षाला हरकत घेतली आणि रुग्णांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल, याची खातरजमा झाली नसल्याचे निदर्शनास आणले. वाद तज्ज्ञांचा आहे. पण सामान्य माणसाने त्यातून घ्यावयाचा बोध दोन्ही पक्षांच्या म्हणण्यातून एकच निघतो. ओळख पटल्याशिवाय आणि वैद्याला विचारल्याशिवाय कोणतीही वेल महिनोन्‌महिने उकळून पिऊ नये.

मिठाचे कोमट पाणी भराभर पिऊन पोट रिकामे करण्याची क्रिया रक्तदाब, हृदय वा मूत्रपिंड यांचे विकार असणाऱ्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर कदापि करू नये. जलनेती करणाऱ्यांनी पाणी उकळून निवविलेलेच वापरावे. नळाचे पाणी पिण्यास योग्य असले तरी नाकातून घेण्यास ते योग्य असेलच असे नाही.

उपवास आणि फराळ

आपल्याकडे ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण उगीच पडलेली नाही. साबुदाण्याची तुपात परतलेली खिचडी, शेंगदाण्याचे कूट, बटाट्याचा कीस आणि वर गोड दही, असा बेत झाला की पोटाला विश्रांती मिळण्याऐवजी जादा पाळीच करावी लागते. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्टमय पदार्थ आहे. त्यात प्रथिने आणि चोथा नाममात्र. वरी, राजगिरा, रताळे, ताक आणि फळे यांवर उपवास केला तर परंपराही राहते आणि हेतूही साधतो. आयुर्वेदाने ज्याला लंघन म्हटले आहे त्याचा अर्थ हलके होणे असा आहे, फराळाच्या ताटाने ते होणे कठीण.

घाटकोपर, मुलुंड, बोरिवली या भागांत जैन समाजाची मोठी वस्ती आहे. पर्युषणाच्या दिवसांत अनेक जण आठ दिवस केवळ उकळलेल्या पाण्यावर, तेही सूर्यास्तापूर्वी घेऊन, उपवास करतात. त्यामागे श्रद्धा आणि वर्षानुवर्षांचा सराव असतो, आणि पारणे मुगाच्या पाण्यासारख्या हलक्या पदार्थाने करण्याची शिस्तही असते. या व्रतातील बाह्य कृती तेवढी उचलून, वजन उतरविण्यासाठी कोणीही आठ दिवस उपाशी राहावे, हे मात्र धोक्याचे आहे. दीर्घ उपवासानंतर एकदम भरपेट जेवल्यास रक्तातील क्षारांचे संतुलन ढळून जिवावर बेतू शकते.

यात मधुमेहींनी विशेष सावध असावे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे २०२३ साली प्रसिद्ध झालेले आकडे पाहिले, तर देशात १० कोटी १० लाख लोक मधुमेही आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर असल्याचा अंदाज आहे. साखर उतरविणारी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी राहिल्यास रक्तशर्करा एकाएकी घसरते, घाम फुटतो, हात थरथरतात, शुद्ध हरपते. उपवास करावयाचाच असेल तर औषधांचे प्रमाण आधी डॉक्टरांकडून ठरवून घेतले पाहिजे.

ताटाचा हिशेब

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराची सुधारित मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. दोन हजार कॅलरींच्या दिवसाच्या आहारात धान्ये २५० ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, डाळी किंवा अंडी-मासे ८५ ग्रॅम, तेलबिया व सुका मेवा ३५ ग्रॅम, दूध ३०० मिलिलिटर आणि तेल-तूप २७ ग्रॅम असावे, असे त्यांत म्हटले आहे. आकडे रुक्ष वाटतात. पण चार माणसांच्या घरात रोज १ किलो ६०० ग्रॅम भाजी लागते असा त्यांचा अर्थ काढला की आपण कोठे उणे पडतो ते चटकन ध्यानी येते. अर्धा किलो बटाटे आणि एक मेथीची जुडी एवढ्यावर चौघांचा दिवस निभावणारी घरे उपनगरांत थोडी नाहीत. भाजीतला, सालीसकट फळांतला आणि कोंड्यासह दळलेल्या धान्यातला चोथा हाच आतड्यांचा खरा झाडूवाला. त्याला पाण्याची जोड मिळाली की पोट साफ करणाऱ्या चूर्णाची आठवण सहसा होत नाही.

बाजरी, ज्वारी आणि नाचणी यांना २०२३ च्या आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्षात मोठा मान मिळाला. गावाकडून उपनगरात आलेल्या कुटुंबाने भाकरी सोडून पाव आणि बिस्किटे धरली, त्याला दोन पिढ्या झाल्या. त्या भाकरीकडे आता शहरी माणूस पुन्हा वळत आहे आणि ती उपाहारगृहात महाग दराने घेत आहे, हा काळाचा विनोद म्हणावा लागेल. नाचणीत १०० ग्रॅममागे सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तांदूळ-गहू तिच्या आसपासही येत नाहीत.

साखरेचा हिशेब कचेरीतील बंधूंनी आपल्या चहावरूनच करावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवणे हिताचे. पाच ग्रॅमचा चमचा धरला आणि प्रत्येक पेल्यात दोन चमचे घातले, तर चार वेळच्या चहातच ४० ग्रॅम होतात. बिस्किटे आणि दुपारी कोणाच्या बढतीचे पेढे निराळेच. मिठाची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅम आहे आणि लोणचे, पापड, फरसाण, वडापाव यांत ती केव्हा ओलांडली जाते ते कळतही नाही.

उपनगरातल्या माणसाची खरी अडचण वेळेची आहे, हे मान्य केले पाहिजे. सातची गाडी पकडण्यासाठी न्याहारी टळते, परतीच्या गर्दीतून घरी पोचेपर्यंत आठ-नऊ वाजतात, दहाला जेवण आणि अकराला अंथरूण. अशा दिनक्रमात मूठभर चणे-शेंगदाणे आणि एखादे केळे पिशवीत ठेवून संध्याकाळी सहालाच खाल्ले, तर रात्रीचे जेवण आपोआप हलके होते. याला एक पैशाचाही जादा खर्च नाही.

जंत : खरीखुरी अशुद्धी

मे १९४४ मध्ये आगाखान पॅलेसमधील स्थानबद्धतेतून सुटल्यानंतर महात्मा गांधी प्रकृती सुधारण्यासाठी जुहूच्या किनाऱ्यावर येऊन राहिले होते. त्या काळातील तपासणीत त्यांच्या पोटात अंकुशकृमी आणि अमीबा आढळून आले. आहाराचे इतके प्रयोग केलेल्या आणि स्थानबद्धतेतही आरोग्यावर पुस्तक लिहिलेल्या माणसाची ही स्थिती, तर इतरांची काय कथा ! पुढे १९४६ साली गांधीजींनी पुणे जिल्ह्यातील उरुळी कांचन येथे निसर्गोपचार आश्रम सुरू केला, तो याच विचाराने की गरिबांचा उपचार गरिबांच्या दारी व्हावा. आधी पुणे शहरात योजलेला बेत त्यांनी त्यासाठी बदलला. त्या आश्रमाची धुरा ज्यांनी जन्मभर वाहिली त्यांचेही नाव योगायोगाने मणिभाई देसाई.

जंतांचा उपद्रव शाळकरी मुलांत आजही आहे. अंकुशकृमी अनवाणी पायांतून शरीरात शिरतात आणि आतड्यात राहून रक्त पितात. गोलकृमींची अंडी न धुतलेल्या भाजीतून व मातीच्या हातांतून पोटात जातात. मूल निस्तेज दिसते, अभ्यासात मागे पडते, आणि त्याला आळशी म्हणून बोल लावला जातो. २०१५ पासून देशात राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो. १ ते १९ वर्षे वयाच्या मुलांना शाळा व अंगणवाडीत अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी मोफत देतात. एक ते दोन वर्षांच्या बालकांना ती अर्धीच, चुरून द्यावयाची असते. शिक्षकांनी गोळी मुलाच्या हाती देऊन पाठवू नये. आपल्यासमोर चावून खायला लावावी. गैरहजर मुलांसाठी पुढे आणखी एक दिवस ठेवलेला असतो, तो बहुधा विसरला जातो. ग्रामपंचायतींनी शाळेच्या शौचालयाला पाणी आणि हात धुण्यास साबण पुरविला नाही, तर मात्र काही महिन्यांत पोट पुन्हा जंतांनी भरते.

शिक्षकांच्या हाती आणखी एक अधिकार आहे, त्याची माहिती पुष्कळांना नसते. २०२० च्या अन्न सुरक्षा विनियमांनुसार अतिरिक्त चरबी, साखर वा मीठ असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि प्रवेशद्वारापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. उपनगरातील अनेक शाळांच्या फाटकाबाहेर उभ्या असलेल्या गाड्या पाहिल्या, तर हा नियम कागदावरच आहे असे म्हणण्याचा मोह होतो.

जून उजाडला की वसई, सफाळे, पालघरकडील बायका पहाटेच्या गाडीने रानभाज्यांचे भारे घेऊन बोरिवली-दहिसरच्या स्थानकांबाहेर बसतात. टाकळा, कुर्डू, भारंगी, कंटोली, शेवळे यांचे हे दिवस. कृषी विभागाच्या रानभाजी महोत्सवांमुळे त्यांची ओळख नव्या पिढीला होऊ लागली आहे. रानाशेजारच्या गावांतील पंचायत सदस्यांनी या बायकांसाठी बसण्याची जागा आणि गाडीची सोय यांकडे लक्ष पुरविले, तर शहराचे ताट आणि गावाचे उत्पन्न दोन्ही सुधारतील. भाजी ओळखीची नसेल तर ती कशी करतात हे विकणारीलाच विचारावे; ती हौसेने सांगते. शेवळे घेतले तर त्यासोबत काकडाची आंबट फळेही मागून घ्यावीत. ती घातली नाहीत तर भाजी घशाला खाजते, आणि मग पुढच्या वर्षी घरात कोणी तिचे नाव काढू देत नाही.